देवडीवरचा डोळा

गेल्या ज्येष्ठात वाईहून आक्काच्या शेजाऱ्यांचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. वय ८१. कृष्णेच्या घाटापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या आमच्या वडिलोपार्जित घरात ती एकटी राहते. रात्री कोणीतरी परसाच्या भिंतीवरून आत उतरला होता आणि न्हाणीघरातला तांब्याचा बंब उचलून त्याने पोबारा केला होता. बंबाचे दुःख आक्काने एका वाक्यात आटोपले. पण तिचे दोन्ही मुलगे परदेशी, त्यांची झोप उडाली. दोघांनी मिळून मला फर्मान सोडले, "मामा, तुम्ही आता निवृत्त आहात. आईच्या घराला कॅमेरे बसवा. फार महागाचे नकोत, पण सगळे घर दिसले पाहिजे."

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. कॅमेऱ्यातले मला काय कळणार? तरीही वाईला गेलो आणि बाजारातल्या एका दुकानदाराला घर दाखवायला घेऊन आलो. त्याने ओटीपासून परसापर्यंत फेरी मारली आणि आठ कॅमेऱ्यांचा २८,००० रुपयांचा हिशेब मांडला. दोन अंगणात, एक परसात, एक जिन्यात, एक माजघरात, एक देवघरात, एक स्वयंपाकघरात आणि एक आक्काच्या निजायच्या खोलीत!

आक्का झोपाळ्यावर बसून ऐकत होती. ती एवढेच म्हणाली, "स्वयंपाकघरात चोर येतो, की आमची कामवाली ताई येते?"

दुकानदार हसला. मला मात्र हसू आले नाही. त्या प्रश्नामागे साठ वर्षांपूर्वीची एक गोष्ट होती, आणि ती आम्हा दोघांनाच ठाऊक होती. ती पुढे येईलच. दुकानदाराला मी आठ दिवसांची मुदत मागितली. नवी वस्तू घेण्यापूर्वी वाडवडिलांनी तीच गरज कशी भागवली हे पाहावे, ही माझी जुनी मास्तरकीची खोड.

बंदोबस्त म्हटला की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम शनिवारवाडा उभा राहतो. इ. स. १७३० मध्ये त्याचा पाया घातला गेला आणि १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. दिल्ली दरवाज्याच्या फळ्यांवरचे ते अणकुचीदार खिळे पुण्याला गेलेल्या प्रत्येक पोराने मोजून पाहिलेले असतात. हत्तीने धडक दिली तरी दार फुटू नये म्हणून ते ठोकलेले. तटबंदी, बुरूज, देवड्या, चौक्या, कशाचीही उणीव नव्हती. आणि तरीही ३० ऑगस्ट १७७३ रोजी याच वाड्यात नारायणराव पेशव्यांचा भरदिवसा खून झाला. मारेकरी तट चढून आले नाहीत. ते वाड्याच्या पहाऱ्यावरचेच गारदी होते. त्यांचा पगार थकला होता, आणि घरातल्याच माणसांनी त्यांना फितवले होते. दाराचे खिळे बाहेरच्या बाजूला होते. आतल्या बाजूला काय होते, ते कोणी पाहिले नव्हते.

पुढे पुण्याच्या रात्रीचा बंदोबस्त कोतवालाकडे होता. रात्री तोफ झाली की रस्त्यावर हिंडायला बंदी. सापडेल तो चावडीत. नाना फडणिसांच्या अमदानीत घाशीराम कोतवालाने हा कारभार इतका कडक चालवला की चोरापेक्षा कोतवालाचीच धास्ती लोकांना अधिक वाटू लागली. १७९१ च्या ऑगस्टात त्याच्या माणसांनी काही तेलंगी ब्राह्मणांना चोरीच्या संशयावरून धरले आणि अरुंद जागेत कोंडून ठेवले. सकाळी दार उघडले तेव्हा त्यांपैकी कितीएक गुदमरून मेले होते. शहर खवळले आणि अखेर लोकांनीच कोतवालाला दगडांनी ठेचून मारले. रखवालदार नुसता जागा असून भागत नाही. तो कोणाला तरी जाब देणारा असावा लागतो.

हा जाब खेड्यापाड्यांत मात्र पक्का होता. गावच्या वेशीवर वेसकर असे, कुठे रामोशी तर कुठे भिल्ल जागल्या असे. पेशवाई गेल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने मुलखाचा जो अहवाल लिहिला, त्यात या जागल्यांच्या रिवाजाची नोंद आहे. चोरी झाली की जागल्याने चोराचा माग काढायचा. पावलांचे ठसे शेजारच्या गावच्या शिवेत शिरले, की तिथल्या जागल्याच्या हवाली माग करायचा आणि मगच परतायचे. ज्या गावात माग थांबेल, त्या गावावर भरपाईची जबाबदारी. हा जागल्या गावातल्या प्रत्येक माणसाला ओळखत असे आणि प्रत्येक माणूस त्याला ओळखत असे. त्याचे पोट गावाने दिलेल्या बलुत्यावर चाले, म्हणून तो गावचा डोळा होता. इंग्रजी राज्यात त्याचे हक्क आटत गेले, तसा तो डोळाही मिटत गेला.

त्याच सुमारास विलायतेत माणसाऐवजी यंत्रावर भरवसा ठेवण्याची धडपड चालू होती. १८१८ मध्ये जेरेमाया चब याने एक नवलाचे कुलूप केले. कोणी खोट्या किल्लीने चाळवले, की ते जागीच अडकून बसे आणि मालक आपली किल्ली लावायला गेला की त्याला कळे, 'कोणीतरी येऊन गेले.' चोराला अडवणारी कुलपे पुष्कळ होती; चोराची चहाडी करणारे मात्र हे अगदी पहिल्यांपैकी. दुसऱ्या एका कारागिराचे, ब्रामाचे, कुलूप लंडनच्या दुकानात कितीतरी वर्षे मांडलेले होते आणि उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस लावलेले होते. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी हॉब्ज नावाचा अमेरिकन आला. त्याने आधी चबचे कुलूप उघडले, मग ब्रामाच्या कुलपामागे लागला आणि १६ दिवसांत मिळून सुमारे ५१ तास खपून तेही उघडले. न उघडणारे कुलूप जगात नसते. चोराला किती तास लागतील एवढाच प्रश्न असतो. आपल्याकडे अर्देशीर गोदरेजांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला, आणि मध्यमवर्गाच्या कमरेला स्वदेशी किल्ली लागली.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. दूर बसून पडद्यावर पाहण्याची ही सोय जन्मली ती घरासाठी नव्हे, युद्धासाठी. १९४२ मध्ये जर्मनीत पेनेम्युंडे येथे अग्निबाणांच्या चाचण्या चालत. ते उडताना जवळ उभे राहणे म्हणजे मरण. म्हणून वाल्टर ब्रुख या अभियंत्याने तिथे कॅमेरे लावून दूरच्या सुरक्षित खोलीत चित्र दिसण्याची व्यवस्था केली.

ते यंत्र घरात आणले एका परिचारिकेने. तिचे नाव मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन. ही कृष्णवर्णीय बाई न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहत असे. नवरा आल्बर्ट विजेच्या उपकरणांचा तंत्रज्ञ. दोघांच्या कामाच्या वेळा आडनिड्या, वस्तीत गुन्हे वाढलेले आणि बोलावले तर पोलीस वेळेवर येतील याचा भरवसा नाही. रात्री दारावर थाप पडली की उघडावे कसे? म्हणून दोघांनी मिळून १९६६ मध्ये एका यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते त्यांना २ डिसेंबर १९६९ रोजी मिळाले. दाराला निरनिराळ्या उंचीची चार भोके. उंच माणूस असो की लहान मूल, कॅमेरा वरखाली सरकून त्याचा चेहरा टिपणार. चित्र दिसणार बाईच्या निजायच्या खोलीत. आलेल्याशी तिथूनच बोलता येणार, ओळखीचा असला तर बटण दाबून कडी काढता येणार आणि धोका वाटला तर दुसरे बटण दाबून मदत मागता येणार.

हे वाचले आणि मी हातातला कागद खाली ठेवला. मेरीबाईंचा कॅमेरा दाराकडे तोंड करून होता. पाहणारी घरातली बाई होती, आणि पाहिला जाणारा होता बाहेरचा माणूस. आमच्या दुकानदाराच्या आठ कॅमेऱ्यांत हे सारे उलटे झाले होते. निम्मे कॅमेरे घरातल्याच माणसांवर रोखलेले आणि पाहणारे सात समुद्रांपलीकडे!

आता साठ वर्षांपूर्वीची ती गोष्ट. आईची चांदीची वाटी एकदा नाहीशी झाली. घरात धुणेभांडी करायला एक मावशी येत असत. कोणी त्यांना चोर म्हटले नाही. पण घरातली सगळी माणसे त्यांच्या हातांकडे पाहू लागली. मावशींना ते कळले. पंधरा दिवसांनी त्या आल्याच नाहीत, आणि महिन्याचे पैसे न्यायलाही आल्या नाहीत. दुसऱ्या वर्षी तांदळाची कणगी झाडताना तळाशी वाटी सापडली. आई ती पदराखाली घेऊन मावशींच्या घरी गेली, तर त्या लेकीकडे परगावी राहायला गेल्या होत्या. ती वाटी आईने पुन्हा कधी पानात घेतली नाही.

मी आक्काला म्हटले, "अगं, त्या वेळी कॅमेरा असता तर मावशी निर्दोष ठरल्या असत्या." आक्का म्हणाली, "कॅमेरा असता, तर पहिल्या दिवसापासूनच आपण त्यांना चोर मानले असते."

मला उत्तर सुचले नाही. भाच्यांना मी सविस्तर पत्र लिहिले. दोन दिवस वाद झाला. धाकटा म्हणाला, "आई पडली तर कळणार कसे?" प्रश्न खरा होता. त्यावर आक्काच्या गळ्यात एक छोटे बटण अडकवायचे ठरले. दाबले की शेजाऱ्यांच्या घरी घंटा वाजते. माणूस पडला तर त्याला उचलायला माणूसच धावावा लागतो. चित्र काही उचलायला येत नाही.

मग कॅमेरे घेतले ते दोन. एक पुढच्या दारावर, एक परसात. चार कॅमेऱ्यांची सोय असलेले चित्र साठवायचे यंत्र, एक टेराबाइटची तबकडी, तारा आणि मजुरी धरून साडेअकरा हजारांत काम झाले. या तबकडीत दोन कॅमेऱ्यांची सुमारे तीन आठवड्यांची चित्रे राहतात आणि मग जुन्यावर नवी चढतात. महिन्याची वर्गणी नको, इंटरनेट बंद पडले तरी नोंद थांबत नाही. वीज जाते म्हणून एक लहान बॅटरी जोडली. कॅमेरे फार उंच लावू दिले नाहीत. उंचावरून चोराची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. दुकानदाराने घातलेला सांकेतिक शब्द त्याच्यासमोरच बदलला. २०१६ मध्ये जगभरातले असंख्य घरगुती कॅमेरे केवळ कारखान्याचा सांकेतिक शब्द तसाच राहिल्यामुळे भामट्यांनी ताब्यात घेतले होते. गारद्यांचीच गोष्ट ती! आणि पडदा लावला आक्काच्या पलंगाशी.

एक शत्रू मात्र आम्हा कोणाच्याच ध्यानात आला नव्हता. रात्री कॅमेऱ्याच्या अदृश्य दिव्याभोवती किडे जमतात, आणि किड्यांसाठी कोळी येतो. पहिल्या आठवड्यात पडद्यावर रात्रभर एकच अक्राळविक्राळ पाय हलत होता. आता दर शनिवारी कामवाली ताईच केरसुणीने जाळे काढते. पडद्यात स्वतःला पाहून ती पदर सारखा करते आणि हसते.

बंब काही परत मिळाला नाही. पण परवा आक्काचा फोन आला. "अरे, लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी नेहमीसारखी दाराची दोन्ही फळे उघडी टाकणार. तुझे यंत्र काही ओरडणार नाही ना?"

"नाही ओरडणार," मी म्हटले. "तू फक्त पडद्यावर लक्ष ठेव."

"लक्ष्मी काय पडद्यावर पाहायची असते? मी दारातच बसणार आहे," ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.