अडीच घरांचा घोडा

बँकेत दरोड्यापेक्षा वारसांच्या अर्जाची धास्ती जास्त. दरोडेखोर एकदाच येतो. लातूरहून नांदेडला बदली झाल्यापासून वारसांचं टेबल माझ्याकडे आहे, तेव्हा नीलकंठ भट्ट हे नाव मला परकं नाही. त्यांच्या 'व्यवहारमयूखा'च्या आधाराने मुंबई हायकोर्टाने वारशाचे कितीतरी कज्जे तोडले. मूळ घराणं आपल्या पैठणचं. पणजोबा रामेश्वरभट्ट काशीला जाऊन राहिले. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक करणारे गागाभट्ट ह्याच घरातले, नीलकंठांचे चुलत पुतणे.

पण ह्या कायदेपंडिताने घोडाही पळवला होता, हे बी. कॉम.ला कुणी सांगितलं नाही!

घोडा बुद्धिबळातला. पटाच्या ६४ घरांत एकेकदाच पाय ठेवायचा आणि शेवटच्या घरातून एका उडीत पहिल्या घरी यायचं. मागोमाग पेन्सिल फिरवली तर बंद वेटोळं तयार होतं. कोडं जुनंच. नवव्या शतकात रुद्रटाने 'काव्यालंकारा'त अर्ध्या पटावर, ३२ घरांत, श्लोकातून घोडा नाचवला होता. नीलकंठांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्करा'त सबंध पट घेतला, आणि वेटोळं असं आखलं की पट अर्धा फिरवला तरी आकृती तीच! शिवाय बंद वेटोळ्याला आरंभ कुठला? म्हणून एकाच फेरीवर वेगवेगळ्या घरांतून निघणारे श्लोक रचले. युरोपातल्या ऑयलरसाहेबांचा ह्यावरचा निबंध १७५९ चा, आणि नाव मात्र जगभर त्यांचंच. वारसनोंद वेळेवर केली नाही की असं होतं.

हे ऐकून आमच्या कॅशियरने नवं कोडं काढायचं मनावर घेतलं. जेवणाच्या सुट्टीत व्हाउचरच्या पाठीवर सात बाय सातचा पट आखला. लहान म्हणजे सोपा, हा त्याचा हिशेब. तीन दिवसांनी म्हणाला, "जमना गेलंय की हो!"

"कसं जमेल? घोडा दर उडीला रंग बदलतो. घरी परतायचं तर काळी-पांढरी घरं सारखी हवीत. तुझी घरं ४९. डेबिट पंचवीस, क्रेडिट चोवीस. टॅली कुठून होणार?"

टॅली म्हटल्यावर त्याला लगेच पटलं. मी सहा बाय सहा सुचवला. वेटोळं बंद होईल असा सगळ्यांत लहान चौरस पट तोच. आता तो उत्तरातल्या चार उड्या छापील देऊन बाकीच्या शोधायला लावतो. परवाचं कोडं मॅनेजरसाहेबांनी आत मागवून घेतलं. दुपारी दोन सह्यांसाठी मी तीनदा जाऊन आलो. केबिनचं दार बंदच होतं.