चाल ओळखीची

३१ ऑक्टोबर १८८०, पुणे. आनंदोद्भव नाट्यगृहात तुम्ही दाटीवाटीनं बसला आहात. दिव्यांच्या धुराचा वास येतोय. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा हा पहिला प्रयोग, आज फक्त पहिले चार अंक.

नांदी सुरू होते आणि तुमच्या अंगावर काटा येतो. ही नांदी तुम्ही लहानपणापासून ऐकलेली, पुढचा शब्द ओठांवर तयार. आजूबाजूला पाहता, तर कुणीच गुणगुणत नाही. त्यांच्या कानांना ती आज पहिल्यांदा भेटतेय.

थोड्या वेळानं दिंडी या वृत्तातलं एक पद येतं आणि पारडं फिरतं. शेजारचे पगडीवाले गृहस्थ मांडीवर बोटांनी मात्रा धरतात. दिंडीची ओळ एकोणीस मात्रांची, नवव्या मात्रेवर विसावा. नट तिथं पोचण्याआधीच त्यांची मान झुकते. शब्द नवे, पण वळण त्यांनी कीर्तनात शेकडो वेळा ऐकलेलं. विसावा येऊन गेल्यावर तुम्हाला कळतं, तो आला होता.

साकी या दुसऱ्या वृत्तालाही तेच. काही पदांच्या चाली तर कानडी. अण्णासाहेब मूळचे बेळगावकडच्या गुर्लहोसूरचे. मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसतं. त्याला बहुधा मूळ गाणं आठवलं. संगीत नाटकाच्या छापील पुस्तकात पदावर ‘चाल’ म्हणून जुन्या गाण्याचं नाव असतं, ते तुम्ही आजवर न वाचताच ओलांडत आलात. इथं त्या एका ओळीवर पुढचं सगळं पद उभं आहे.

आणि तुमचे कान कसली वाट पाहतायत? तानेची! पुढच्या काळात गायकांनी नाट्यपदं ख्यालासारखी फुलवली, त्या मैफिली तुमच्या कानांत मुरल्या आहेत. इथं दुष्यंत पद संपवतो आणि लगेच बोलू लागतो. तुम्हाला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. शेजारी तृप्त आहेत. सूर दोघांनी तेच ऐकले. मला या क्षणाचं फार अप्रूप वाटतं.

“चाल ओळखलीत ना?” ते विचारतात. तुम्ही मान हलवता. हो म्हणायचं की नाही, तुम्हालाच ठरवता येत नाही.

चौथा अंक संपतो. अंधाऱ्या बोळातून ते पुढं चाललेत, मघाचंच पद गुणगुणत. तुम्ही पावलं उचलून जवळ जाता. सूर तेच आहेत, शब्द मात्र कीर्तनातले.