चवदार तळ्याकाठचा वाद

पारनेर तालुक्यातल्या माणसास पाण्याची किंमत सांगावयास नको. म्हणूनच सुप्याच्या या मांडवात मानवी हक्कांची गोष्ट आम्ही एका तळ्यापासून सुरू करतो. संयुक्त राष्ट्रांचा जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ चा. त्याआधी एकवीस वर्षे, २५ डिसेंबर १९२७ रोजी, महाडास डॉ. आंबेडकरांनी परिषदेपुढे १७८९ च्या फ्रेंच राष्ट्रसभेचा दाखला ठेवला. परिषदेने जन्मसिद्ध हक्कांचा जाहीरनामा संमत केला. सर्व हिंदू जन्मतः समान दर्जाचे, हे त्याचे पहिले कलम. त्याच रात्री मनुस्मृतीची होळी झाली आणि लोकांच्या ध्यानात बहुधा तेवढीच राहिली.

आम्हांस मोठा वाटतो तो पुढचा वाद. मार्चात याच तळ्याचे पाणी प्याले म्हणून अस्पृश्यांनी मार खाल्ला होता. आता दिवाणी कोर्टाची मनाई आलेली; कलेक्टर जातीने परिषदेत येऊन ‘थांबा’ म्हणाले. हजारोंनी तुरुंगाची तयारी ठेवून नावे नोंदविलेली. तरी प्रश्न त्यांच्यापुढेच उघड मांडला गेला, दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. अखेर सत्याग्रह तहकूब ठरला. २७ तारखेस मिरवणूक तळ्यास वळसा घालून, पाण्यास हात न लावता परतली.

मुंबई हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला, तो १७ मार्च १९३७ रोजी.