आखाडा, घाट आणि पडदा : पिंपळे गुरव परिसरातील प्रेक्षकांच्या खाऊचा इतिहास

पिंपळे गुरव, सांगवी, दापोडी, भोसरी ही आज पिंपरी-चिंचवड महापालिकेत असलेली गावे कारखान्यांनी आणि गृहसंकुलांनी वेढली जाण्यापूर्वी हवेली तालुक्यातील शेतीची गावे होती, आणि खेळ पाहणे ही तेथे रोजची करमणूक नसून ग्रामदैवताच्या यात्रेबरोबर येणारी गोष्ट होती. त्यामुळे खेळ पाहताना काय खायचे हे या पट्ट्यात मुख्यतः यात्रेच्या बाजारानेच ठरवले, आणि त्या निवडीमागे जिभेच्या आवडीइतकाच ऋतू, खेळाची गती आणि खाऊ करणाऱ्या-विकणाऱ्यांचे श्रम यांचाही हात होता. या तिसऱ्या घटकाकडे अभ्यासकांचे लक्ष सर्वांत कमी गेले आहे.

पुणे जिल्ह्यातील अनेक गावांत यात्रेच्या पहिल्या दिवशी देवाला पुरणपोळीचा नैवेद्य होतो आणि दुसऱ्या दिवशी मटणाचे, म्हणजे तिखटाचे, जेवण व दुपारनंतर कुस्त्यांचा आखाडा, ज्याला काही भागांत हगामा असेही म्हणतात, अशी रीत आढळते. पाहुणे यजमानाच्या घरी भरपेट जेवूनच आखाड्याकडे निघत असल्यामुळे तेथील खाऊला भूक भागवायची नव्हती. तासन्‌तास बसलेल्या माणसाच्या हाताला आणि तोंडाला चाळा पुरवणे एवढेच त्याचे काम होते. खारे शेंगदाणे, फुटाणे, चुरमुरे, शेव आणि शेंगदाणे एकत्र केलेला भत्ता, गुळाच्या किंवा साखरेच्या पाकात घोळवलेली गोडी शेव आणि रेवडी हे पदार्थ त्यातूनच रूढ झाले. ते कोरडे असतात, उन्हात खराब होत नाहीत, कागदाच्या पुड्यात मावतात आणि, कुस्तीच्या दृष्टीने हे फार महत्त्वाचे, ते न पाहता खाता येतात. हलगी वाजत असताना एखादी जोड बराच वेळ खडाखडीत अडकून राहते आणि निमिषार्धात एखादा मल्ल चितपट होतो; अशा खेळाच्या प्रेक्षकाला हातातल्या घासाकडे मान वळवणे परवडत नाही.

या सर्वांत रेवडीचे स्थान वेगळे आहे. उकळून घट्ट केलेला गुळाचा किंवा साखरेचा पाक ताणून, त्याचे तुकडे पाडून ते तिळात घोळवले की रेवडी होते. आखाड्याची सुरुवात लहान मुलांच्या कुस्त्यांनी होई आणि त्यांचे इनाम पैशांत नसून मूठभर रेवड्यांचे असे. म्हणून या कुस्त्यांना रेवडीवरच्या कुस्त्या असे नाव पडले. त्यानंतर नारळावरच्या, मग रोख इनामाच्या आणि शेवटी मानाची कुस्ती, असा क्रम अनेक ठिकाणी चालत आला. मुरलेल्या पैलवानाचा खुराक दूध, तूप आणि बदामाची थंडाई असा प्रेक्षकाच्या खाण्याहून अगदी निराळा असतो. पण रेवडीवर लढणारे पोर आणि कडेला बसलेला त्याचा आजा एकच पदार्थ खात होते. खेळाडू आणि प्रेक्षक यांच्यातील अंतर इतके कमी करणारी दुसरी रीत महाराष्ट्राच्या क्रीडाजीवनात सहसा सापडत नाही, आणि तिची नोंद कुस्तीच्या इतिहासात ठळकपणे व्हायला हवी.

बैलगाडा शर्यतीची गोष्ट निराळी होती. खेड, मावळ, आंबेगाव, जुन्नर आणि भोसरी-चिखलीच्या बाजूला या शर्यती चढाच्या धावपट्टीवर होतात. त्या धावपट्टीला घाट आणि एका गाड्याच्या धावेला बारी म्हणतात. बारी काही सेकंदांत संपते, पण गाडे जुंपून पुढची बारी सुटेपर्यंत वाट पाहावी लागते आणि हा क्रम दिवसभर चालतो. चैत्र-वैशाखाच्या उन्हात, धुळीत, उभ्याने घालवायच्या या वेळेला ओलावा हवा असे. म्हणून घाटाच्या कडेला कलिंगडाच्या फोडी, गारीगार आणि उसाचा रस यांची गर्दी झाली. रसाचा व्यवसाय पुणे परिसरात पसरवण्यात पुरंदर तालुक्यातील, विशेषतः कानिफनाथ गडाच्या आसपासच्या, कुटुंबांचा वाटा मोठा आहे. रसवंतिगृहांच्या पाट्यांवर ‘कानिफनाथ’ आणि ‘नवनाथ’ ही नावे वारंवार दिसतात ती त्यामुळेच.

आखाड्याभोवती पुरुषांचीच गर्दी असे. घरच्या स्त्रियांच्या वाट्याला खेळ न येता त्याचा खाऊ येई, परतताना बांधून नेलेल्या शेव-रेवडीच्या पुड्याच्या रूपाने.

पुढे या गावांभोवती शहर वाढू लागले. 1954 साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढच्या दशकांत वाहनउद्योग आला, 1970 साली नगरपालिका आणि 1982 साली महापालिका झाली. दरम्यान 1973 मध्ये सिंहगडावरील प्रक्षेपण केंद्रामुळे मुंबई दूरदर्शन या भागात दिसू लागले आणि खेळ घरात आला. खेळाच्या वेळेवर आता देशोदेशीच्या घड्याळांचा ताबा होता. इंग्लंडमधील 1983 च्या क्रिकेट विश्वचषकाचा 25 जूनचा अंतिम सामना भारतात दुपारी सुरू होऊन रात्री संपला, म्हणजे चहा, पावसाळ्यातली भजी आणि रात्रीचे जेवण या तिन्ही वेळा त्यात आल्या. उलट ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील 1992 च्या स्पर्धेचे अनेक सामने पहाटे किंवा सकाळी असल्याने त्यांच्या सोबतीला चहा-पोहेच शक्य होते. घरात खेळ आल्याने स्त्री प्रथमच प्रेक्षक होऊ शकली, हे खरे. पण ताजी, गरम भजी कोणीतरी तळावीच लागतात, आणि ऐन षटकात कढईजवळ उभे राहणे बहुतेक घरांत तिच्याकडेच आले. आखाड्याच्या कोरड्या खाऊने कोणाला खेळापासून उठवले नव्हते, दूरचित्रवाणीच्या खाऊने ते केले.

2008 साली आयपीएल सुरू झाली आणि सामन्याची वेळ नेमकी रात्रीच्या जेवणाची ठरली. तोवर पिंपळे गुरवची वस्ती बदलली होती. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून कारखान्यांत आणि हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रात कामाला आलेली कुटुंबे येथे स्थिरावली आणि खानदेशी शेवभाजी, सावजी रस्सा, वडापाव, बिर्याणी यांना एकाच गल्लीत गिऱ्हाईक मिळू लागले. जेवण बाहेरून मागवण्याची सोय झाल्यावर कढईजवळची स्त्री काही घरांत मोकळी झाली आणि तो भार दुचाकीवरून डबे पोहोचवणाऱ्या तरुणावर गेला, जो त्याच वयाचा, त्याच खेळाचा चाहता असूनही सामन्याच्या ऐन वेळी रस्त्यावर असतो. 1 एप्रिल 2012 रोजी उद्घाटन झालेल्या गहुंजेच्या क्रिकेट मैदानात बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तेथे निवड ठेकेदाराच्या यादीपुरती उरते.

याच काळात घाटावरचा खेळ मात्र थांबला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2014 मधील निर्णयाने बैलगाडा शर्यतींवर बंदी आली. ती उठून 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. या काळातील चर्चा बैल, परंपरा आणि कायदा यांच्याभोवती फिरली. घाटाच्या गर्दीवर हंगाम काढणारे गोडी शेववाले, रसवाले आणि गारीगारवाले तिच्यात फारसे आले नाहीत, जरी बंद पडलेल्या प्रत्येक घाटाबरोबर त्यांचाही धंदा बुडत होता.