हजार बेघरांच्या नोंदी : केस मॅनेजर नावाच्या अनाम माणसाचा इतिहास

थ्रेड. थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

१९११ साली न्यूयॉर्कमधून ‘वन थाउजंड होमलेस मेन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. लेखिका ॲलिस विलार्ड सोलेनबर्गर. ग्रंथ छापून बाहेर पडण्यापूर्वीच बाईंचे निधन झाले होते. शिकागोच्या ‘ब्यूरो ऑफ चॅरिटीज’च्या मध्यवर्ती विभागाची कचेरी त्या सांभाळत. १९०० ते १९०३ या काळात त्या कचेरीत मदत मागायला आलेल्या एक हजार बेघर पुरुषांच्या नोंदींचा हा अभ्यास. बेघरांसाठी काम करणाऱ्या उत्तम केस मॅनेजरांचा गौरव करण्याची प्रथा अलीकडे अमेरिकेत रुजली आहे. त्या गौरवाच्या मुळाशी जायचे तर या कचेरीच्या दारातून जावे लागते.

त्या काळचे शिकागो म्हणजे रेल्वेचे महाजंक्शन. उन्हाळ्यात गव्हाची कापणी, मग जंगलतोड, रूळ टाकण्याची कामे, हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांवरचा बर्फ कापणे, अशा हंगामी कामांवर देशभर फिरणारी माणसे दोन कामांच्या मध्ये याच शहरात येऊन पडत. वेस्ट मॅडिसन स्ट्रीट हा त्यांचा मुख्य रस्ता. तिथल्या स्वस्त निवासगृहांत लाकडी फळ्यांनी पाडलेल्या खुराड्यांवर छताऐवजी तारेची जाळी असे. चोरी होऊ नये म्हणून जाळी, आणि हवा यावी म्हणून छत नाही. नेल्स अँडरसन या समाजशास्त्रज्ञाने १९२३ साली ‘द होबो’ या ग्रंथात अंदाज दिला की भरभराटीच्या काळात या शहरात तीस हजार बेघर पुरुष असत, तर मंदीत हा आकडा पंचाहत्तर हजारांवर जाई. अँडरसन स्वतः भटक्या मजुरांत राहिलेला होता, म्हणून या अंदाजाला वजन आहे.

शहराच्या मते ही सारी माणसे एकाच पोत्यातली होती. आळशी, दारुडी, भटकी. सोलेनबर्गरबाईंनी ते पोते सोडले आणि एकेक माणूस समोर बसवला. वय काय, धंदा कोणता, गाव कुठले, घरून का निघालात, मागे कोण आहे, दुखते काय. मग सांगितलेल्या गोष्टीची शहानिशा. जुन्या मालकाला पत्र, नातेवाइकांना पत्र, इस्पितळात चौकशी. या उस्तवारीतून जे निघाले ते शहराच्या समजुतीशी जुळणारे नव्हते. हजारांपैकी ६२७ जण कोणत्या ना कोणत्या शारीरिक वा मानसिक व्याधीने ग्रस्त निघाले. त्यांत क्षयाचे रोगी होते, यंत्रात हात-पाय गमावलेले कामगार होते, अंध होते, वेडाचे झटके येणारे होते, आणि नुसते म्हातारे झाले म्हणून कामावरून काढलेलेही होते. घरातून पळालेली मुले तर होतीच. ‘बेघर’ नावाचा एक वर्ग नाही, बेघर झालेली निरनिराळी माणसे आहेत, हे या ग्रंथाचे प्रतिपादन. आज ते सर्वमान्य वाटते. १९११ साली ते तसे नव्हते.

इथे थोडे मागे जाऊ. एका गरजवंतामागे एक जबाबदार माणूस नेमायचा ही कल्पना शिकागोची नव्हे. जर्मनीतील एल्बरफेल्ट या कापडगिरण्यांच्या शहराने १८५३ साली गरिबांच्या मदतीची नवी व्यवस्था बसवली. शहराचे लहान लहान भाग पाडले आणि प्रत्येक भागावर एक नागरिक नेमला. त्याच्याकडे चारांहून अधिक प्रकरणे द्यायची नाहीत, हा दंडक. चार! आजच्या कोणत्याही समाजसेवकाला हा आकडा ऐकून हेवा वाटेल. या कामाला पगार नव्हता. ते मानाचे पद होते, आणि मान नाकारण्याची सोय नव्हती: नकार देणाऱ्याचे नागरी हक्क काही काळ काढून घेतले जात आणि वर करही वाढे. गौरव आणि सक्ती एकाच आज्ञेत बांधण्याचा हा प्रशियन खाक्या मला मोठा मासलेवाईक वाटतो.

ही कल्पना इंग्लंडमार्गे अमेरिकेत पोहोचली. १८६९ साली लंडनमध्ये आणि १८७७ साली बफेलो शहरात ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ स्थापन झाली. सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी मैत्रीच्या नात्याने गरिबांच्या घरी जावे, उपदेश करावा, पैसे मात्र शक्यतो देऊ नयेत, अशी पद्धत. प्रत्यक्षात चौकशी, पत्रव्यवहार, नोंदवह्या हे सारे कष्टाचे काम कचेरीतील तुटपुंज्या पगाराचे नोकर करीत. मान भेट देणाऱ्या बाईंचा, काम कारकुनाचे.

या नोंदींची दुसरी बाजूही सांगायला हवी. मदतीस ‘लायक’ कोण आणि ‘नालायक’ कोण, हे ठरवण्यासाठीच ही शहानिशा जन्मली. मदत मागणाऱ्याचे सारे आयुष्य उलगडून कागदावर उतरवायचे आणि मग त्याच्यावर फुली मारायची, असेही या कचेऱ्यांत घडले. माणूस समजून घेण्यासाठी विचारलेला प्रश्न आणि माणूस अडकवण्यासाठी विचारलेला प्रश्न शब्दशः एकच असू शकतो. सोलेनबर्गरबाईही त्या चौकटीबाहेरच्या नव्हत्या. पुस्तकात ‘भिकारी’ आणि ‘अट्टल भटके’ यांच्याविषयी त्यांची भाषा कडकच आहे. तरीही त्यांची चौकशी फुलीपाशी थांबली नाही, आणि त्यांचे वेगळेपण मी त्यातच मानतो.

या कामाला शास्त्राची प्रतिष्ठा देण्याचा ध्यास घेतला तो मेरी रिचमंड यांनी. जन्म १८६१. लहानपणीच आईबाप गेले, बॉल्टिमोरमध्ये आजी आणि मावश्यांनी वाढवले, कॉलेजचे तोंड पाहायला मिळाले नाही. १८८९ साली त्या बॉल्टिमोरच्या चॅरिटी सोसायटीत साहाय्यक कोषाध्यक्ष म्हणून लागल्या आणि पाहता पाहता तिच्या सूत्रधार झाल्या. १८९७ साली टोरोंटोच्या परिषदेत त्यांनी मागणी केली की या कामासाठी शिक्षण देणारी शाळा हवी. दुसऱ्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग निघाला. कोलंबिया विद्यापीठातील आजच्या समाजकार्य विद्यालयाचा तो आरंभ.

मात्र १९१५ साली पाणउतारा झाला. वैद्यकीय शिक्षणावरील अहवालाने गाजलेल्या एब्राहम फ्लेक्सनर यांना परिषदेने बॉल्टिमोरला भाषणास बोलावले. विषय : समाजकार्य हा व्यवसाय आहे काय? फ्लेक्सनर यांचे उत्तर नकारार्थी होते. डॉक्टर आणि वकील स्वतःच्या जबाबदारीवर निर्णय घेतात. समाजसेवक माणसाला या तज्ज्ञाकडून त्या तज्ज्ञाकडे पोहोचवणारा मध्यस्थ, असा त्यांचा रोख. गंमत अशी की हे मध्यस्थपण हाच पुढे केस मॅनेजरच्या कामाचा गाभा ठरला.

दोनच वर्षांनी, १९१७ साली, रिचमंड यांचा ‘सोशल डायग्नोसिस’ आला. माणसाच्या परिस्थितीचे निदान कसे करावे, पुरावा कसा तपासावा, कोणाशी आधी बोलावे, याचा हा जाडजूड ग्रंथ. त्यात बेघर माणसाविषयीची एक स्वतंत्र प्रश्नावली आहे. त्या प्रश्नांची उत्तरे रकान्यांत भरायची नाहीत, ते मनात ठेवून माणसाशी बोलायचे, असा रिचमंड यांचा आग्रह. १९२१ साली स्मिथ कॉलेजने कॉलेज न पाहिलेल्या या बाईंना सन्माननीय एम.ए. दिली.

पुढची काही दशके मी झपाट्याने ओलांडतो. १९५५ साली अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. १९८०पर्यंत ही संख्या दीड लाखाच्या खाली आली. १९६३च्या कायद्याने वस्त्यावस्त्यांत मानसिक आरोग्यकेंद्रे निघायची होती. ती पुरेशी निघाली नाहीत. त्याच सुमारास शहरांतली स्वस्त निवासगृहेही पाडली गेली. रुग्णालयात डॉक्टर, औषध, जेवण, खाट हे सारे एका छताखाली मिळे. बाहेर पडलेल्या माणसाला त्यासाठी दहा दारे ठोठवावी लागली. ती दारे त्याच्या बरोबरीने ठोठवणारा म्हणून सत्तरच्या दशकात ‘केस मॅनेजर’ हे पद पुढे आले. शब्द मात्र फसलाच. आपल्याला ‘केस’ म्हटलेले आणि कोणीतरी ‘मॅनेज’ केलेले कोणाला आवडेल? मराठी पाठ्यपुस्तकांतील ‘व्यक्तिसहाय्य कार्य’ ही संज्ञा बोजड असली तरी तिच्यात माणूस शिल्लक आहे.

विस्कॉन्सिनमधील मॅडिसन येथे लेनर्ड स्टाइन, मेरी ॲन टेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णालयाचे कर्मचारीच वस्तीत उतरवले. रुग्णाने कचेरीत यायचे नाही, कर्मचाऱ्याने त्याच्या स्वयंपाकघरात जायचे. दहा माणसांमागे एक कर्मचारी, हे प्रमाण या पद्धतीत पुढे रूढ झाले. १९७४ साली अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनने या प्रकल्पाला सुवर्ण पुरस्कार दिला. १९९२ साली सॅम त्सेम्बेरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘पाथवेज टू हाउसिंग’ सुरू केले: आधी घराची किल्ली, उपचारांचे नंतर पाहू, आणि दिमतीला तसाच फिरता चमू. पाच वर्षांनंतर त्यांचे ८८ टक्के लोक घरांत टिकून होते. नेहमीच्या पद्धतीत हे प्रमाण ४७ टक्के होते. २००५ साली तोच सुवर्ण पुरस्कार त्यांनाही मिळाला.

दोन्ही पुरस्कार पद्धतीला होते. त्या ८८ टक्क्यांतल्या कोणाच्या दारात कोण कितव्यांदा जाऊन उभा राहिला, हे पुरस्कारपत्रात येत नाही. म्हणूनच बेघरांसाठी झटणाऱ्या संस्था आता आपल्या केस मॅनेजरांना नावानिशी गौरवतात, ते योग्यच आहे. पण निवडायचे कशावरून? किती जणांना घर मिळवून दिले, हा सर्वांत सोपा निकष. तोच सर्वांत घातकही, कारण मग हुशार माणूस सोपी प्रकरणे आधी उचलतो आणि दारू सुटत नाही, औषध घेत नाही, दार उघडत नाही असा माणूस यादीच्या तळाशी जातो. चांगल्या केस मॅनेजरची खरी कसोटी याच माणसावर लागते, आणि त्याच्या बाबतीतले यश म्हणजे बहुधा काहीच न घडणे: तो यंदा तुरुंगात गेला नाही, इस्पितळात गेला नाही, रस्त्यावर परतला नाही. न घडलेल्या गोष्टीची नोंद कोणत्या वहीत करणार?

या साऱ्याचा आपल्याशी धागा जुळतो तो मुंबईच्या नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शर्ट यांनी १९२०च्या दशकात तिथे ‘नागपाडा नेबरहूड हाउस’ उभारले, आणि १९३६ साली दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने समाजकार्याची पदव्युत्तर शाळा सुरू झाली. आजची टाटा समाजविज्ञान संस्था ती हीच. रिचमंड यांचे शास्त्र या वाटेने आपल्याकडे आले. १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातील पहिली वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली. महाराष्ट्रातील सरकारी रुग्णालयांत या पदाला ‘समाजसेवा अधीक्षक’ म्हणतात. पोलिसांनी रस्त्यावरून उचलून आणलेला बेवारस रुग्ण बरा झाला की त्याला पाठवायचे कुठे, हा प्रश्न याच टेबलावर येतो.

२०१८ साली डॉ. भरत वाटवाणी यांना रमोन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रस्त्यावर भरकटणाऱ्या मनोरुग्णांना बरे करून घरी पोहोचवण्याचे काम त्यांनी आणि डॉ. स्मिता वाटवाणी यांनी १९८८ साली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन स्थापून सुरू केले; कर्जतला त्यांचे केंद्र आहे. पुरस्कार सर्वथा उचित. पण त्या कामातला शेवटचा टप्पा पाहा. औषधाने सावरलेला माणूस गावाचे नाव सांगतो, तेही अर्धवट. जिल्हा आठवत नाही. त्याच्या बोलीवरून प्रांत ताडायचा, नावासारखी नावे नकाशावर शोधायची, मग त्याला सोबत घेऊन रेल्वेने दुसऱ्या राज्यात जायचे. तिथून मिळेल त्या वाहनाने, आणि उरलेले पायी. हा प्रवास संस्थेचे समाजसेवक करतात. घर सापडते, अंगणात गर्दी जमते, रडारड होते. समाजसेवक औषधे कशी द्यायची ते घरच्यांना दोनदा समजावतो, आणि परतीची गाडी चुकू नये म्हणून निघतो.