पर्यायी उपचार आणि पुराव्याची कसोटी

आयुर्वेद, होमिओपॅथी, अ‍ॅक्युपंक्चर यांची एकच मोट बांधून त्यांची भलामण वा टवाळी करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वैज्ञानिक पुरावा मात्र पथीचा नसतो. तो विशिष्ट आजारावरील विशिष्ट उपचाराचा असतो.

सर्पगंधेचे उदाहरण बोलके आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील या मुळीचे परिणाम १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये प्रसिद्ध केले आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वळले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेसरपिन वेगळे काढण्यात आले. पुढे या औषधाने नैराश्य आल्याच्या तक्रारीही नोंदल्या गेल्या. वनस्पतिजन्य ते निरुपद्रवी, हा समज तेथेच फोल ठरतो.

'मला गुण आला' हा अनुभव खरा असला तरी तो पुरावा नव्हे. अनेक दुखणी आपोआप बरी होतात, काही कमीजास्त होत राहतात. म्हणूनच रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे गट पाडून तुलना केली जाते. जर्मनीत जुनाट कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील अशा चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त अ‍ॅक्युपंक्चरने ४७.६ टक्के, तर भलत्याच जागी वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के रुग्णांना आराम पडला. नेहमीच्या उपचारांनी अवघ्या २७.४ टक्क्यांना. सुयांचा उपयोग झाला, पण नेमक्या बिंदूंचे शास्त्र सिद्ध झाले नाही!

होमिओपॅथीच्या ११० चाचण्यांची आधुनिक वैद्यकाच्या तितक्याच चाचण्यांशी तुलना 'लॅन्सेट'ने २००५ मध्ये छापली. मोठ्या व काटेकोर चाचण्यांपुरते पाहता होमिओपॅथीचा परिणाम औषधविरहित गोळीहून वेगळा दिसला नाही.

प्रकृतीनुसार बदलणारे आयुर्वेदीय उपचार चाचणीत बसत नाहीत, असे सांगितले जाते. कोइम्बतूरच्या वैद्यांनी ते बसवून दाखवले. ऱ्हुमॅटॉइड संधिवातावर तेथे आयुर्वेदीय औषधे व मेथोट्रेक्सेट यांची तुलना झाली. रुग्णास व तपासणाऱ्यास कोणते औषध चालू आहे हे ठाऊक नव्हते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा दिसला. मात्र रुग्ण अवघे ४३ होते. अशा चाचण्या मोठ्या प्रमाणावर होणे हेच आयुर्वेदाच्या हिताचे आहे.

प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो प्रचलित उपचार नाकारले जातात तेव्हा. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी कर्करोगाच्या, आजार दूरवर न पसरलेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या. केवळ पर्यायी उपचार घेणाऱ्यांना मृत्यूचा धोका सुमारे अडीचपट, तर स्तनांच्या कर्करोगात पाचपटीहून अधिक असल्याचे २०१८ च्या त्यांच्या निबंधात नमूद आहे.