जुन्या सायकलीचे मॉडेल: पाठनिश्चितीचा एक प्रश्न

पिंपरी-चिंचवड परिसरात जुनी सायकल विकावयास काढणारा मनुष्य तिचे 'मॉडेल' सांगतो, तेव्हा तो बहुधा वर्ष सांगत असतो: 'बावन्नचे मॉडेल', 'साठचे मॉडेल'. कारखानदाराच्या भाषेत मात्र मॉडेल म्हणजे वर्ष नव्हे, तर एका विशिष्ट घडणीस दिलेले नाव वा क्रमांक होय. एक घडण अनेक वर्षे चालू राहते आणि एकाच वर्षी एकच कारखाना अनेक घडणी बाजारात आणतो. एका शब्दाचे हे दोन अर्थ वेगळे न केल्यामुळे घेणाऱ्याची फसगत होते; इतिहास लिहिणाऱ्याचीही होते.

सामान्य समजूत अशी की, हँडलखालच्या नळीवरील बिल्ला पाहिला म्हणजे सायकल ओळखली. बगळ्याचे मस्तक असेल तर रॅले, एकमेकींस टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका असतील तर बी. एस. ए., उघडा पंजा असेल तर रज. परंतु बिल्ला जितक्या सहजतेने निघतो तितक्याच सहजतेने दुसऱ्या फ्रेमवर बसतो. शिवाय तो अस्सल असला, तरी नाव एका कारखान्याशी कायमचे बांधलेले नसते. हंबर १९३२ मध्ये व रज १९४३ मध्ये नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीकडे गेली. एकेकाळचे कव्हेंट्रीचे रज हे नाव पुढे नॉटिंगहॅमच्या सायकलींवर झळकू लागले. स्वातंत्र्यानंतर हा गुंता भारतातही आला. १९४९ मध्ये स्थापन झालेल्या टी. आय. सायकल्सच्या अंबत्तूर येथील कारखान्यात हर्क्युलस सायकली तयार होऊ लागल्या, आणि रॅलेचे नाव सेन-रॅलेच्या द्वारे आसनसोलला पोहोचले. म्हणून नुसते 'हर्क्युलस' वाचून ती सायकल बर्मिंगहॅमची की अंबत्तूरची, हे ठरत नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. तेथील एक साधी शिस्त येथे उपयोगी पडण्यासारखी आहे: पोथीच्या अखेरीस लिहिलेला काल हा त्या प्रतीचा काल असतो, ग्रंथाचा नव्हे. स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन वेगांच्या हबवर वर्षाचे दोन अंक ठोकलेले असतात, आणि अनेक हौशी संग्राहक तेच सायकलीचे जन्मवर्ष मानतात. वस्तुतः ते हबचे जन्मवर्ष होय. चाक बदलले की सायकलीचे वय बदलले, असा त्याचा अर्थ करावा लागेल!

यास्तव जे भाग सहज बदलता येत नाहीत, त्यांची साक्ष प्रथम घ्यावी. पॅडलचा आस ज्यात फिरतो त्या तळच्या ब्रॅकेटचे आटे या बाबतीत फार बोलके असतात. इतर ब्रिटिश सायकलींत बहुधा इंचास २४ आटे असत, तर रॅलेने २६ आट्यांचे स्वतःचे माप चालविले. रंग चढविता येतो, बिल्ला बसविता येतो. आटे मात्र फ्रेमच्या धातूतच कोरलेले असतात. विक्रेता रॅले म्हणत असलेल्या सायकलीत २४ आट्यांचा कप विनासायास बसला, तर बगळ्याकडे संशयाने पाहावे. त्यानंतर चिमट्याची घडण पाहावी. हंबरच्या अनेक सायकलींत चिमट्याची प्रत्येक बाजू दोन बारीक नळ्यांची असे, व रॅलेकडे गेल्यावरही ही घडण टिकली. पुढील दातेरी चक्रात हंबरची पाच मानवाकृती, रॅलेचे बगळे वा रजचा पंजा कापलेला असतो; पण चक्र सुटे असल्याने त्याची साक्ष दुय्यम. फ्रेमवरील क्रमांक अवश्य टिपावा, तथापि रॅलेच्या क्रमांकमालिका वर्षागणिक सरळ वाढत गेलेल्या नाहीत, हे ध्यानात ठेवावे.

साक्षींचा असा विसंवाद या पट्ट्यात विशेष का आढळावा, याचे कारण उघड आहे. १९५४ मध्ये पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. १९६२ नंतर औद्योगिक विकास महामंडळाच्या भूखंडांवर कारखाने वाढत गेले. पाळीवर जाणाऱ्या कामगाराचे वाहन सायकल हेच होते. आकुर्डीत स्कूटर जोडणारे हातही पुष्कळदा सायकलनेच तेथे पोहोचत. अशा सायकलीस बंद पडणे परवडत नसे. नॉटिंगहॅमचा सुटा भाग मिळेना, तेव्हा लुधियानाचा बसला. आस झिजला, तेव्हा ओळखीच्या टर्नरने लेथवर नवा काढून दिला. पोथीचा संपादक ज्यास प्रक्षेप म्हणून तळटीपेत टाकील, तोच भाग येथे कामगाराच्या संसाराचा व या पट्ट्यातील कारागिरीचा पुरावा आहे. या एका बाबतीत पोथीची उपमा सोडून द्यावी लागते.

परंतु असा पुरावा दोन मार्गांनी नष्ट होत आला आहे. एक मार्ग भंगाराचा: कुदळवाडीसारख्या ठिकाणी सायकल वजनावर गेली की तिचे मॉडेल किलोत मोजले जाते. दुसरा मार्ग प्रेमाचा, आणि तो अधिक घातक. संग्राहक सायकल 'मूळ रूपात' आणण्यासाठी लेथवर काढलेला आस फेकतो, जुना रंग खरवडून नवा चढवितो, बाहेरून मागविलेला बिल्ला लावतो. २०१७ पासून पुण्यात कर्वेनगर येथे विक्रम पेंडसे यांचे सायकल संग्रहालय असल्याने ताडून पाहण्यास नमुने जवळच उपलब्ध झाले आहेत. ताडून पाहण्याआधीच रंगकाम उरकण्याची घाई अनाठायी होय.

नोंद करावयाची ती भागवार करावी: फ्रेम कोणाची व कोणत्या आट्यांची, चिमटा कोणता, हबवर कोणते वर्ष, आस कोठे घडलेला. 'मॉडेल' या रकान्यात फ्रेमपुरतेच नाव लिहावे, आणि वर्षासाठी वेगळा रकाना ठेवावा. तो पुष्कळदा कोरा राहील.